सशाला किती उंच गवत लागतं

प्राण्यांबद्दल वाचायला लागले तेव्हापासून एक गोष्ट मनात घर करून बसलीय. जंगल म्हटलं की आपण सगळे वर बघतो. झाडं केवढाली, किती जुनी, सावली किती दाट. आणि ससे, रानससे, पिका नावाचे त्यांचे नातेवाईक ही जी छोटी मंडळी आहेत त्यांचं सगळं आयुष्य आपल्या घोट्यापासून गुडघ्यापर्यंतच्या उंचीत चाललेलं असतं. तिथे चार बोटं गवत कमी झालं किंवा चार बोटं वाढलं तर कुणाचं तरी घर जातं, आणि आपल्याला पत्ताही लागत नाही, कारण आपल्या डोळ्यांना काही बदललेलं दिसतच नाही, गवत होतं आणि गवत आहे. मला या उंचीबद्दलच लिहायचंय, कारण सशांचं जगणं-मरणं जितकं वाचत गेले तितकं ते फिरून फिरून इथेच येऊन थांबलं.

आधी एक फरक सांगून टाकते, नाहीतर पुढे गोंधळ होईल. आपण सगळ्यांनाच ससा म्हणतो, पण त्यात रॅबिट आणि हेअर असे दोन वेगळे प्रकार आहेत. रॅबिट सहसा बिळात किंवा दाट झुडपांच्या पोटात राहतात, त्यांची पिल्लं जन्मतात ती उघडी, आंधळी, अगदी मांसाचा गोळा. हेअर मात्र उघड्यावर राहतो आणि त्याची पिल्लं अंगभर केस आणि उघडे डोळे घेऊनच येतात. युरोपातल्या रॅबिटची मादी साधारण महिनाभरात विते, तिथल्याच हेअरला सहा आठवडे लागतात, म्हणजे जे पिल्लू उघड्यावर टाकायचंय ते आईच्या पोटातच जरा जास्त शिजून येतं. तिसरी शाखा पिका या प्राण्याची, गोल कानांची, शेपूट न दिसणारी, त्यांच्याकडे येतेच पुढे. हे सगळे उंदरांचे भाऊबंद समजले जायचे, १९१२ मध्ये गिडली नावाच्या शास्त्रज्ञाने त्यांना वेगळा गण म्हणून बाजूला काढलं. वरच्या पुढच्या दातांच्या मागे यांना अजून एक बारीक दातांची जोडी असते, ती उंदराला नसते.

तर हेअर. तो सहसा बीळ करत नाही. गवतात किंवा झुडपाच्या बुडाशी एक उथळ खळगी उकरतो, स्वतःच्या अंगाच्या मापाची, मागच्या बाजूला जरा खोल, आणि दिवसभर त्यात पोट टेकून, कान पाठीवर पाडून बसून राहतो. अशी रिकामी खळगी मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा तिच्यासमोर कितीतरी वेळ उकिडवी बसले होते. मग डोकं अगदी खाली नेऊन सशाच्या डोळ्यांच्या उंचीवरून बघितलं. तिथून बाहेरचं सगळं दिसत होतं, तुकड्या-तुकड्यात पण दिसत होतं, आणि उभं राहून दोन पावलं मागे गेल्यावर ती खळगी कुठे होती तेच कळेना. म्हणजे एवढंच गवत हवं, याहून खुरटं असेल तर वरून घिरट्या घालणाऱ्या गरुडाला पाठ दिसणार, आणि याहून उंच-दाट असेल तर कोल्हा अगदी अंगावर येईपर्यंत कळणार नाही आणि कळलं तरी पळायला वाट नाही. सशाला लपायलाही आलं पाहिजे आणि लपल्या जागेवरून पळताही आलं पाहिजे, या दोन्ही गोष्टी एकाच गवतात जमायला हव्यात.

त्याचं अख्खं शरीर याच हिशेबाने बनलंय. डोळे डोक्याच्या दोन बाजूंना, इतके की मान न वळवता जवळजवळ सगळीकडचं दिसतं, फक्त अगदी नाकासमोरचा थोडासा भाग सुटतो. रॅबिटच्या मानाने हेअरचं हृदय शरीराच्या हिशेबात कितीतरी मोठं असतं, कारण रॅबिटला बिळापर्यंतच पोचायचं असतं आणि याला बीळच नाही, याला धावतच राहायचंय. युरोपातला हेअर ताशी ७० किलोमीटरच्या आसपास पळू शकतो. आणि एवढा वेग अंगात असूनही त्याचा पहिला उपाय हलायचंच नाही हा आहे, हे मला फार विलक्षण वाटतं. माणूस चार पावलांवर आला तरी तो बसलेला असतो. आपण समजतो झोपलाय, तो झोपलेला नसतो, आपल्या प्रत्येक पावलाचा अंदाज घेत असतो. आणि त्या बसण्यात पोटाचं कामही चालू असतं, रात्री खाल्लेलं गवत एकदा आतड्यातून जाऊन मऊ गोळ्या होऊन बाहेर येतं आणि त्या तो तोंडाने थेट तिथूनच उचलून परत खातो, म्हणजे तेच गवत दुसऱ्यांदा पचवतो, त्यातून प्रथिनं आणि ब जीवनसत्त्व मिळतं. ऐकायला कसंतरी वाटत असेल, पण ज्याला दिवसभर जागचं हलायचं नाही त्याच्यासाठी याहून शहाणी सोय मला तरी सुचत नाही.

आता पिल्लांचं. यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण इथे माणसाच्या दयेनेच जीव जातात.

हेअरची मादी पिल्लं होतात तिथे थांबत नाही. दोन-तीन दिवसांत पिल्लंही एकमेकांपासून पांगतात, एकेकटी गवतात दडून बसतात, आणि संध्याकाळी सूर्य बुडून थोडा वेळ झाला की सगळी परत जन्माच्या जागी गोळा होतात. मग आई येते, काही मिनिटं दूध पाजते आणि निघून जाते. दिवसातून एवढंच. दूध इतकं घट्ट असतं की तेवढ्यावर पुढचे चोवीस तास निघतात. बाकी सगळा वेळ आई लांब असते आणि ते लांब असणं हीच तिची राखण आहे, कारण ती मोठी आहे, तिच्या अंगाला वास आहे, ती जवळ बसली तर कोल्ह्याला पत्ता सांगितल्यासारखंच होईल. पण माणूस गवतातून चालत येतो, त्याला एक मूठभर पिल्लू दिसतं, डोळे उघडे, हलत नाही, आजूबाजूला आई नाही, आणि त्याचं काळीज हलतं. बिचारं टाकून दिलंय. उचलून घरी नेतो, गाईचं दूध पाजतो, बहुतेक वेळा पिल्लू जगत नाही. ज्यांनी असं केलंय त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं हे मला माहितेय, पण म्हणूनच ही गोष्ट प्रत्येकाला सांगावीशी वाटते. गवतात एकटं, शांत बसलेलं, जखम नसलेलं सशाचं पिल्लू दिसलं तर त्याला हात लावायचा नाही, कुत्रं बरोबर असेल तर त्याला आवरायचं आणि आल्या वाटेने निघून जायचं.

आणि जी खोड त्याला कोल्ह्यापासून वाचवते तीच त्याला यंत्रापुढे मारते. गवत कापायचं यंत्र घरघरत येतं, पिल्लू काय करतं? दबून बसतं. हजारो वर्षं तेच बरोबर उत्तर होतं ना. युरोपात गेल्या काही दशकांत हेअर खूप कमी झाले, त्याचं मुख्य कारण शेतीची बदललेली पद्धत मानतात, बांध गेले, पडीक पट्टे गेले, लहान-लहान वेगवेगळ्या पिकांचे तुकडे होते तिथे मैलभर एकच पीक आलं, आणि कापणी झाली की एका दिवसात सगळा आडोसाही गेला आणि खाणंही गेलं. यंत्राचं मात्र थोडं काहीतरी करता येतं. कडेकडून गोल-गोल कापत आत गेलं की सगळे जीव मधल्या उरलेल्या तुकड्यात कोंडले जातात आणि शेवटच्या फेरीत सापडतात, त्याऐवजी मधून सुरुवात करून बाहेरच्या बाजूला कापत आलं तर मोठ्यांना तरी कडेच्या गवतात सटकता येतं. पाती थोडी वर ठेवली तर अजून बरं. काही ठिकाणी आता कापणीच्या आधी पहाटे उष्णता टिपणारा कॅमेरा लावलेला ड्रोन शेतावरून फिरवतात, मुख्यतः हरणाच्या पाडसांसाठी, पण त्यात ससेही दिसतात.

रॅबिटची गोष्ट मात्र उलटी आहे. तो गवत शोधत बसत नाही, गवताची उंची तोच ठरवतो. आणि ती किती बारकाईने ठरवतो हे ब्रिटनमधल्या एका फुलपाखराच्या कहाणीतून कळतं, जी पहिल्यांदा वाचली तेव्हा मला रात्री झोप आली नव्हती.

लार्ज ब्लू नावाचं निळं फुलपाखरू. याची अळी सुरुवातीला रानटी थाइमच्या फुलांवर जगते, मग जमिनीवर पडते आणि लाल मुंग्या तिला आपलंच पिल्लू समजून वारुळात घेऊन जातात, तिथे ती मुंग्यांची पिल्लं खात जवळजवळ दहा महिने काढते. सगळ्या मुंग्या चालत नाहीत, एकाच जातीच्या वारुळात अळीचा खरा निभाव लागतो, आणि त्या मुंगीला त्या थंड देशात उबदार माती लागते. माती उबदार राहते कधी? वरचं गवत अगदी आखूड असेल तेव्हा, दोन-तीन सेंटिमीटर. आणि ते तसं आखूड ठेवत कोण होतं? चरणारी गुरं-मेंढरं आणि रॅबिट. १९५२ मध्ये फ्रान्समधल्या एका डॉक्टरने आपल्या इस्टेटीवरचे ससे संपवायला मिक्सोमॅटोसिस या सशांच्या जीवघेण्या रोगाचा विषाणू सोडला, इस्टेटीला भिंत होती पण विषाणू काही भिंतीत राहत नाही, पुढच्याच वर्षी तो ब्रिटनमध्ये पोचला आणि तिथले ९५ टक्क्यांहून जास्त ससे मेले. उतारांवर गुरं चारणंही तोवर कमी होत आलेलं. गवत वाढलं. खूप नाही, बोट-दोन बोटं. माती काही अंशांनी थंड झाली, ती मुंगी हटली, तिच्या जागी दुसरी आली, आणि १९७९ मध्ये ब्रिटनमधून ते फुलपाखरू नाहीसं झालं. जेरेमी थॉमस या संशोधकाने वर्षानुवर्षं त्या उतारांवर बसून ही साखळी उलगडली, पण उलगडेपर्यंत उशीर झाला होता. लोकांना वाटत होतं की फुलपाखरं जमवणारे ती पकडून नेतात म्हणून कमी होतायत, आणि एका ठिकाणी तर त्यांना अडवायला कुंपण घातलं, तर चरणारी जनावरंही बाहेर राहिली आणि गवत अजून वाढलं. नंतर १९८३ पासून स्वीडनमधून फुलपाखरं आणून, चराई पुन्हा सुरू करून ती परत वसवली गेली, आता ती तिथे आहेत.

स्पेन-पोर्तुगालमध्ये, जे या रॅबिटचं मूळ घर, तिथे तर आयबेरियन लिंक्स हे रानमांजर जवळजवळ संपूर्ण या एकाच प्राण्यावर जगतं. ससे रोगांनी संपत गेले तसं लिंक्सही संपत गेलं, या शतकाच्या सुरुवातीला शंभरच्या आत प्रौढ लिंक्स उरले होते. आता पिंजऱ्यात पैदास करून सोडणं, ससे वाढवणं, झुडपी रान सांभाळणं हे सगळं करून आकडा दोन हजारांच्या वर गेलाय आणि २०२४ मध्ये त्याचा धोक्याचा दर्जा एक पायरी खाली आला. हाच ससा ऑस्ट्रेलियात मात्र जमिनीचा काळ ठरला. १८५९ मध्ये थॉमस ऑस्टिन नावाच्या जमीनदाराने शिकारीच्या हौसेपायी दोन डझन ससे मागवले आणि पुढच्या पन्नासेक वर्षांत त्यांनी खंडाचा बराच भाग व्यापला, रोपंच उगवू देईनात, तिथले छोटे मूळ प्राणी त्यांच्या बिळांतून हुसकले गेले. मला दोन्हीकडच्या लोकांचं म्हणणं मनापासून पटतं, तिकडे ससा वाढावा म्हणून धडपडणाऱ्यांचं आणि इकडे ससा संपावा म्हणून धडपडणाऱ्यांचं. ससा तोच आहे, गवत त्याच्या दातांना सरावलेलं आहे की नाही एवढाच सवाल आहे.

आता पिका या प्राण्याकडे येते. अमेरिकेतला पिका दीडशे ग्रॅमच्या आसपासचा, डोंगरावरून घसरून साचलेल्या दगडांच्या खचात राहतो. थंडीत हे झोपी जात नाहीत, म्हणून उन्हाळाभर गवत-फुलं तोंडात धरून दगडांखाली आणून रचतात, शेजाऱ्याचा साठा चोरतात, आपला राखतात. त्यातली एक गोष्ट मला फार आवडते. काही झाडांमध्ये कडू, विषारी रसायनं असतात, ती ताजी खाल्ली तर पोटाला बाधतात, पण पिका तीही आणून ठेवतो, कारण त्या रसायनांमुळे साठा लवकर सडत नाही, आणि कित्येक महिन्यांनी तो कडूपणा उतरला की मग तीच खातो. एवढासा जीव! पण याला ऊन सोसत नाही. अँड्र्यू स्मिथ यांनी १९७० च्या दशकात दाखवून दिलं की २५-२६ अंशांच्या वर, दगडांखाली जायला मिळालं नाही तर, पिका काही तासांत मरू शकतो. म्हणजे त्याचा आडोसा शत्रूपासून जितका तितकाच उन्हापासूनचा, दगडांच्या फटीतली गार हवा हेच त्याचं घर. खालच्या, तापत चाललेल्या डोंगरांवरून तो आता बऱ्याच ठिकाणी दिसेनासा झालाय.

तिबेटच्या पठारावरचा पिका मोकळ्या कुरणात बिळं करून राहतो, आणि त्याच्या वाट्याला काय आलं ते वाचून मला राग येतो. कुरणं उजाड होतायत आणि जिथे उजाड तिथे पिका जास्त, म्हणजे यानेच खाल्लं, असा हिशेब मांडून १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून लाखो हेक्टरांवर विष टाकलं गेलं. पण या पिकाला आखूड गवतच हवं असतं, दूरवरचा शत्रू दिसावा म्हणून. याक आणि मेंढ्यांच्या अतिचराईने गवत आधी आखूड होतं आणि मग पिका वाढतो. त्याच्या बिळांत स्नोफिंचसारखे पक्षी घरटी करतात, कारण त्या उंचीवर झाडच नाही. पावसाचं पाणी बिळांतून मुरतं, बीळ नसलेल्या जागी ते वरून वाहून जातं. कोल्हे, मार्जारकुळातलं मनूल, ससाणे, सगळे त्याच्यावर जगतात. पिका मेला की त्या पठारावर शांतता पसरते, जिथे विष टाकलं तिथे पक्षी कमी झाल्याच्या नोंदी आहेत. गवताची उंची कोणी बदलली हे नीट न बघता जो तिथे बसलेला सापडला त्याला मारलं, असं मला हे वाटतं.

बर्फातल्या सशाचं थोडक्यात सांगते, त्यावर खूप लिहिलं गेलंय. कॅनडातला स्नोशू हेअर आणि त्याच्यावर जगणारं तिथलं लिंक्स यांची संख्या साधारण दर दहा वर्षांनी चढते-उतरते, कातड्यांचा व्यापार करणाऱ्या हडसन बे कंपनीच्या जुन्या नोंदींवरून चार्ल्स एल्टन आणि मेरी निकल्सन यांनी १९४२ मध्ये लिंक्सचा हा चढउतार मांडला. पुढे कॅनडातल्याच युकॉनमध्ये चार्ल्स क्रेब्स आणि सहकाऱ्यांनी जंगलाचे मोठाले तुकडे घेऊन प्रयोग केला. शिकारी बाहेर ठेवले तर ससे दुप्पट झाले, खाणं वाढवलं तर तिप्पट, आणि दोन्ही केलं तर अकरापट. याचा अर्थ मला असा लागतो, की भुकेला ससा आडोसा सोडून उघड्यावर जातो आणि तिथे मारला जातो, आणि भीतीपोटी आडोशात बसलेला ससा अर्धपोटी राहतो, भूक आणि भीती अशा वेगळ्या मोजताच येत नाहीत. हा ससा हिवाळ्यात पांढरा होतो, दिवस लहान होत जातात त्या बेताने. दिवस ठरल्यावेळी लहान होतातच, बर्फ मात्र आता उशिरा पडतं आणि लवकर वितळतं, मग तपकिरी पाचोळ्यावर पांढराशुभ्र ससा, आणि त्याला वाटत असतं आपण लपलोय. अमेरिकेतल्या मोंटानामध्ये अशा रंग न जुळलेल्या सशांच्या गळ्यात रेडिओ बांधून मोजलं, ते जास्त मरतात. पॅसिफिकच्या किनाऱ्याकडे काही ससे हिवाळ्यातही तपकिरीच राहतात, ते जनुक त्यांच्याकडे फार पूर्वी जॅकरॅबिट या दुसऱ्या जातीशी झालेल्या संकरातून आलंय. तेवढी एक आशेची गोष्ट.

शेवटी तो ससा ज्याच्याबद्दल मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. हिस्पिड हेअर, राठ काळपट केसांचा, आखूड कानांचा, हिमालयाच्या पायथ्याच्या तराईत माणूस बुडेल एवढ्या उंच गवतात राहणारा. एवढ्या उंच गवतात राहणारा ससा जगात दुसरा क्वचितच असेल. १९६० च्या दशकात तो संपला असंच धरून चालले होते, १९७१ मध्ये आसाममध्ये परत सापडला. नेपाळच्या चितवनमध्ये तर तीस वर्षांहून जास्त काळ काही खबर नव्हती, २०१६ मध्ये दिसला. तो दिसतच नाही खरं तर, लोक त्याच्या लेंड्या मोजतात, गोल, चपटसर, कुरतडलेल्या गवताच्या काड्यांजवळ पडलेल्या. हे गवत दर कोरड्या हंगामात जाळलं जातं. कारणं खोटी नाहीत, जाळलं नाही किंवा कापलं नाही तर हळूहळू तिथे झाडं शिरतात आणि गवताळ रानच उरत नाही, शिवाय कोवळे कोंब फुटले की गेंडे, हरणं तिथे चरायला येतात, आणि त्यांच्यामागे वाघ. पण वाघासाठी, गेंड्यासाठी म्हणून सांभाळलेल्या रानात एका आठवड्यात सगळीकडे आग लावली की या सशाला त्या दिवशी जायला जागा कुठे? हे जे लहान जीव कुठल्या फलकावर नसतात त्यांचा विचार जाळायच्या तारखा ठरवताना व्हावा, असं मला कळकळीने वाटतं. आणि उपाय फार अवघडही नाही, तिथे काम करणारे संशोधक कधीपासून सांगतायत, सगळं एकदम जाळू नका, तुकडे पाडा, एक तुकडा यंदा, त्याला लागून असलेला पुढच्या वर्षी, आणि ओलसर, नदीकाठचे पट्टे आगीपासून राखा, कारण लेंड्या सापडतात त्या न जळालेल्या गवतातच.